तळाचे चार बोल्ट

भोसरीत, टी ब्लॉकच्या पत्र्याच्या शेडवर जी खोली आहे
तिथे बसून मी एका ब्रॅकेटचे साडेचार लाख तुकडे केले.
करवत नाही, ठिणगी नाही, नुसती जाळी.
प्रत्येक तुकड्याला बजावलं: शेजाऱ्याचा हात सोडायचा नाही.
तुझा कोपरा सरकला तर त्याचाही तेवढाच सरकेल.

मग बीड ओतलं. म्हणजे दोन आकडे ओतले:
ओढलं तर किती लांबेल,
आणि लांबताना कमरेत किती बारीक होईल.
तळाचे चार बोल्ट एका क्लिकमध्ये पृथ्वीला बांधले.
वर नाही, खाली नाही, कूस बदलणं नाही.
इतकं स्थिर कुठे काही नसतं, हे मला शिकवलं होतं.
पण सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता.

सकाळी ब्रॅकेट रंगून आलं.
खांद्याशी थोडं केशरी, बाकी सगळं निळं.
आयुष्य: बारा लाख आवर्तनं.
पेंडसे सर म्हणाले, छान.
ते सहसा म्हणत नाहीत.

खाली टेस्ट बेड दोनवर
नूरमहंमद तांबोळींनी तेच ब्रॅकेट खरोखर बांधलं,
टॉर्क रेंचचा टक् ऐकत, चार वेळा.
हायड्रॉलिक सुरू झालं. पहिल्याच दुपारी
त्यांनी बरगडीच्या मुळाशी खडूनं एक फुली मारली
आणि डबा खायला गेले.
मी विचारलं नाही.
मला तिथे निळं दिसत होतं.

दोन लाख ऐंशी हजार चारशे बाराव्या आवर्तनाला
मशीन आपणहून थांबलं.
चीर फुलीतून गेली होती. शेजारून नव्हे,
दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथूनच.

"चाचा, कसं कळलं?"
"आवाज फुटका येत होता. तळ हालतोय, मॅडम.
तुमच्या कॉम्प्युटरात नसंल हालत."

नव्हता हालत.

वर जाऊन मी पृथ्वी सोडली.
बोल्टांना त्यांचा ताण दिला, पृष्ठभागांना घर्षण,
केसाच्या निम्म्याहून कमी फट, आणि घसरायची मुभा.
मॉडेल लगेच बिनसलं.
अठ्ठेचाळीस फेऱ्या, उत्तर नाही.
भाराचा घास निम्मा केला, मग त्याच्याही निम्मा,
तापातून उठलेल्याला चमच्यानं पेज भरवावी तसा.
बुधवारी नाशिक फाट्यावर सिग्नलला अडकले असताना
उगाच वाटून गेलं, ही क्लच अर्धा दाबून उभी असलेली माणसं
माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये सगळी निळी आली असती.

गुरुवारी पहाटे जुळलं.
बरगडीच्या मुळाशी लाल, तुरीच्या डाळीएवढं.

प्रिंट काढून खाली नेली.
चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. लालकडे बघितलंच नाही,
ते त्यांना माहीत होतं.
निळ्यावर ग्रीसचं बोट ठेवून म्हणाले,
"हितं काय हाय?"
"काही नाही."
"काही नाही, का बघितलं नाही?"

बोटाचा ठसा प्रिंटवर राहिला. तीच प्रिंट मी फाइलला लावली.

रिपोर्टात गृहीतकांचा एक तक्ता असतो.
पाचव्या ओळीत लिहिलं: तळ पूर्णपणे स्थिर नाही.
पुढच्या रकान्यात, आधार:
नू. म. तांबोळी, टेस्ट बेड दोन, डावा कान.

पेंडसे सरांनी 'डावा कान' खोडून
'प्रत्यक्ष निरीक्षण' केलं.
डावा का, ते त्यांनी विचारलं नाही.
उजवा चाचांनी हॅमर शॉपला कधीच देऊन टाकलाय,
म्हणून मी डावा लिहिलं होतं.